फळीच्या त्या टोकाला

वसमत,
५ नोव्हेंबर २०२३

दोस्त भीमराज यास नासेरचा जय भीम.

तू वाळूजवरून पाठवलेली पेटी पोचली. हमालानं विचारलं, यात लोखंडाची म्हैस आहे का? मी आणि अय्याज लाईटवाल्यानं मिळून ती घरामागच्या कारखान्यात नेली. कारखाना म्हणजे तू पाहिलेला तोच पत्र्याचा शेड. फक्त कटर आणि रंधा मशीनच्या बाजूला आता मोल्डिंगचं मशीन उभं आहे. चौकटीच्या पट्ट्यांना नक्षीची कोर त्याच्यावरच पाडतो.

तुझं फीडर बसवून टाकलं. मशीनच्या टेबलावर त्याचा खांब उभा केला, चाकं लाकडावर टेकवली, चारही चाकं गाईडला, म्हणजे फळी टेकून जाते त्या पट्टीला, बराबर सरळ ठेवली. बटन दाबलं की चाकं फळी धरतात अन् आपोआप मशीनच्या कटरपुढून नेतात. हाताला कामच न्हाई. कुरुंद्याच्या एका मोठ्या घराच्या दारा-खिडक्यांचं काम घेतलं आहे, ते आता लवकर उरकेल. बिलकीसला पण पलीकडून फळी ओढायला उभं राहावं लागत न्हाई. तुझे फार उपकार झाले.

तुझ्या कानाचं काय म्हणतात डॉक्टर? फोन केला तर तू हॅलो हॅलो करून ठेवून देतोस, अन् मेसेज केला तर तो तुझी सून वाचते. त्यापेक्षा आपलं पत्रच बरं. बिलकीसचा सलाम.

तुझा,
नासेर


वाळूज,
२० नोव्हेंबर २०२३

नासेर, सलाम.

खोटं बोलायचं तर नीट तरी बोलावं.

चाकं गाईडला सरळ ठेवली म्हणतोस. सरळ ठेवली तर फळी थोडी पुढं गेली की गाईड सोडून बाहेर पळते अन् कोर नागमोडी येते. चाकांची पुढची बाजू गाईडकडं जराशी कललेली पाहिजे, म्हणजे फळी पुढं नेता नेता चाकं तिला गाईडवर दाबून धरतात. फीडर चालवलेल्या माणसाला हे सांगावं लागत न्हाई, पहिल्याच फळीला कळतं. दुसरं, खांब बसवायचा तर टेबलाच्या बिडात भोकं पाडून आटे पाडावे लागतात. घाम निघतो. त्या तकलिफीबद्दल तू एक शिवी सुद्धा लिहिली न्हाईस. तू! अन् तिसरं, त्याची मोटर थ्री फेजवरची. तुझ्या घरी सिंगल फेज. मोटर बदलल्याशिवाय चाकं फिरत न्हाईत. तुझी काय वाऱ्यावर फिरली?

पेटी तू उघडली सुद्धा न्हाईस. काहून उघडली न्हाईस ते पण मला माहीत आहे. हिंगोलीच्या आयटीआयपासून तुझी एकच फुशारकी, लाकूड माझ्या हाताशी बोलतं. मशीनला मशीन लावलं की कारागीर मेला असं तुला वाटतं. आमच्या खात्यात जुने लोक असंच म्हणायचे. फीडर यायच्या आधी लागलेल्या माणसाचा हात बघितला की कळायचं हा किती जुना. फीडर आल्यावर लागलेल्यांची बोटं पुरी आहेत. आता तू ठरव तुझं लाकूड काय बोलून राहिलं.

कंपनी ते भंगारात काढत होती. मी मागून घेतलं, साफ केलं, चाकांचं रबर नवं बसवलं. ते तुझ्याकडं कोपऱ्यात पडून राहावं म्हणून न्हाई.

कान तसेच आहेत. सून चांगली आहे, पण मेसेज वाचते हे खरं.

भीमराज


वसमत,
४ डिसेंबर २०२३

भीमराज, जय भीम.

पकडलंस. पेटी बंदच आहे, वर पोतं टाकून ठेवलंय. पण कारण तू समजतोस ते न्हाई. हाताची घमेंड कधीच गेली. रोज संध्याकाळी बोटं मोजल्यासारखी बघतो मी.

कारण बिलकीस आहे.

तुला माहीतच आहे, मशीनच्या अलीकडून मी फळी ढकलतो अन् पलीकडून ती ओढते. पहिलं मशीन घेतलं तेव्हा माणूस ठेवायची ऐपत न्हवती, म्हणून ती उभी राहिली. मग राहिलीच. आमची उमैमा झाली, शिकली, लग्न होऊन परभणीला गेली, तरी फळीच्या त्या टोकाला बिलकीसच. मी मान हलवली की तिला कळतं जोर वाढवायचा. तिनं भुवई उचलली की मला कळतं फळी अडकून राहिली. सकाळी ती भाकरीत, दुपारी मी बाजारात, रात्री दोघं थकलेले. दिवसात एकमेकांसमोर असतो ते तेवढंच.

आता फीडर बसलं की त्या बाजूला माणूस लागत न्हाई. मग मी तिला काय सांगू? तुझं काम संपलं, घरात बस?

पेटी आली त्या दिवशी तिनं विचारलं, "यात काय आहे?" मी सांगितलं, "फळी आपोआप ओढणारं यंत्र." ती एवढंच बोलली, "बरं." अन् आत निघून गेली. भीमराज, तिचं 'बरं' मी ओळखतो. ते नाराजीचं होतं. त्याच दिवशी मी पेटीवर पोतं टाकलं.

तुला खोटं लिहिलं कारण तू एवढ्या हौसेनं पाठवलंस. माफ कर. कुरुंद्याचं काम आमी दोघं मिळून करू, करत आलोच आहोत.

नासेर


वाळूज,
१७ डिसेंबर २०२३

नासेर, सलाम.

मी तुला घमेंडखोर म्हणालो ते परत घेतो. पण शहाणा अजून म्हणत न्हाई.

तिचं 'बरं' नाराजीचं होतं हे तुला कुणी सांगितलं? तूच बोलला, तूच अर्थ लावला, अन् तूच पोतं टाकलं. ती समोर आहे, विचार ना. कान गेल्यापासून मी एकच गोष्ट शिकलो. जे कळलं न्हाई ते परत विचारायचं. लोक चिडतात. चिडू दे.

विचारून मला लिही. तोवर एक कर, लांब फळी लावताना फळीच्या सरळ मागं उभा राहू नको, बाजूला राहा. फळी मागं फेकली गेली तर पहिली तुझ्या पोटावर येईल.

भीमराज


वाळूज,
१२ जानेवारी २०२४

नासेर,

काहून पत्र न्हाई? रागावलास का? रागावला असशील तर तसं तरी लिही.

भीमराज


वसमत,
१९ जानेवारी २०२४

भीमराज, जय भीम.

रागावलो न्हाई. अक्षर वाकडं आलं तर समजून घे, बसून लिहिता येत न्हाई.

नव्या वर्षाच्या सुरुवातीला मशीननं फळी फेकली. चौकटीची लांब पट्टी होती, सागवानाची. अर्धी गेली होती, मधेच अडकली, कटरनं धरली अन् उलटी माझ्या अंगावर. तू लिहिलं होतंस बाजूला उभा राहा. मी बाजूलाच होतो, पण पुरता न्हाई, म्हणून पोटात न जाता बरगडीवर बसली. दोन बरगड्यांना चीर गेली. नांदेडला फोटो काढला. बरगडीला प्लास्टर न्हसतं म्हणे, पडून राहायचं फक्त. श्वास घेतला की कळ येते, हसलो की जास्त. म्हणून पुढच्या पत्रात विनोद लिहू नको.

लाकडात गाठ होती. वरून दिसली न्हाई. कुणाचीच चूक न्हाई. बिलकीसला पण तेच सांगितलं, परत परत सांगितलं. तू येऊ नको, प्रवास कशाला करतोस. पडून राहिलो की बरा होईन.

तिला विचारायचं राहून गेलं.

नासेर


वसमत,
२२ जानेवारी २०२४

भीमराज भाऊ यांना बिलकीसचा सलाम.

हे पत्र यांना माहीत न्हाई. उत्तर पाठवू नका, टपाल आलं की यांच्याच हातात पडतं. लिहायची सवय सुटली आहे, चूकभूल माफ करा.

यांनी तुमाला लिहिलं असंल की लाकडात गाठ होती. गाठ न्हवती. हे दवाखान्यात होते तेव्हा मी ती पट्टी उचलून उजेडात पाहिली. या टोकापासून त्या टोकापर्यंत साफ आहे. माझा हात सुटला, भाऊ.

माझा उजवा खांदा मागच्या वर्षी हळद काढायच्या दिवसांपासून दुखतो. पहिलं ओढताना दुखायचा, मग झोपेत, आता तर खांद्याच्या वर हातच जात न्हाई. भाकरी थापायला हात वर न्यावा लागत न्हाई, म्हणून घरात कुणाच्या ध्यानात आलं न्हाई. जवळा बाजारला माहेरी जाते म्हणून सांगितलं अन् तिथून पुढं हिंगोलीला जाऊन डॉक्टरला दाखवलं. ते म्हणाले, ओढायचं काम बंद करा, न्हाईतर हात कायमचा जाईल. मी व्हय म्हणाले. घरी आले अन् दुसऱ्या दिवशी परत फळी ओढली.

तुमी म्हणाल, काहून सांगितलं न्हाई. पेटी आली त्या दिवशी हे म्हणाले, फळी ओढणारं यंत्र आहे. मला इतकं हलकं वाटलं की डोळे भरून आले. यांना दिसू नये म्हणून 'बरं' म्हणाले अन् आत गेले. यांच्यासमोर खूष झाले असते तर यांना वाटलं असतं, हिला माझ्यासंगं उभं राहायचा कंटाळा आला. मग वाट पाहिली. आज बसवतील, उद्या बसवतील. एक दिवस बघते तर पेटीवर पोतं. मी समजले, यांना यंत्राचा भरवसा न्हाई, माझ्या हाताचा आहे. ज्या हाताचा भरवसा धरला तोच हात सुटला.

हे आता उठून बसतात. कुरुंद्याचं काम अर्धं पडलंय, माणसं दारात येऊन विचारून जातात. हे परत मशीन सुरू करतील अन् मी परत त्या टोकाला उभी राहीन. परत हात सुटला तर बरगडीवर भागणार न्हाई.

तुमी या. तुमच्या हातानं ते बसवून द्या. मी लिहिलं म्हणून मात्र सांगू नका.

तुमची बहीण,
बिलकीस


वाळूज,
२७ जानेवारी २०२४

नासेर,

गुरुवारी येऊन राहिलो. ड्रिल, आटे पाडायचं सामान अन् सिंगल फेजची जुनी मोटर घेऊन. नको म्हणू नको, मला ऐकू येत न्हाई.

भीमराज


वाळूज,
१० फेब्रुवारी २०२४

नासेर, सलाम. भाभींना सलाम.

सुखरूप पोचलो. एसटीत शेजारच्या माणसानं वसमतपासून जिंतूरपर्यंत मला त्याच्या जमिनीचा वाद सांगितला. मी फक्त मान हलवत होतो. उतरताना त्यानं माझे हात धरले, एवढं नीट कुणी ऐकलं न्हाई म्हणाला.

फीडरचं परत एकदा लिहितो, कारण तू खाटेवरून हुकूम सोडत होतास, ऐकत न्हवतास. अय्याजनं मोल्डिंग मशीन अन् फीडर दोन्ही एका बटनावर घेतली ते फार चांगलं झालं. कटर बंद पडला अन् चाकं फिरत राहिली तर चाकं फळी थांबलेल्या कटरमध्ये ढकलत राहतात. पहिल्या दिवशी चाकं उलटी फिरली अन् फळी परत आपल्याकडं आली, तेव्हा भाभी तोंडाला पदर लावून हसल्या. तू पण हसलास अन् कळवळलास. तसं पुन्हा झालं तर अय्याजला बोलव, स्वतः वायरीला हात लावू नको. चाकाखाली फळी जास्त दाबायची न्हाई, रबराचा वळ उठतो. आखूड तुकडे त्याच्यात घालायचे न्हाईत. एक चाक सोडलं अन् दुसऱ्यानं धरलं न्हाई तर तुकडा मधे लोंबकळतो अन् कटर त्याला उडवतो. आखूड कोर पाहिजे असंल तर लांब पट्टीला पाडून मग कापायची.

आता दुसरं. मी तुमच्याकडं होतो तोवर तुमी दोघं एकमेकांशी चहा, साखर अन् गोळ्या यांच्यापलीकडं बोलला न्हाईत. कान गेले तरी माझे डोळे शाबूत आहेत. फीडर चाललं तेव्हा भाभी त्या टोकाला जाऊन उभ्या राहिल्या, ओढायला काही न्हवतं तरी. हात पुढं करून उभ्या होत्या. अन् तू त्यांच्याकडं न बघता चाकांकडं बघत होतास.

डिसेंबरात तुला एक काम सांगितलं होतं. विचारायचं. ते तू अजून केलं न्हाईस.

भीमराज


वसमत,
११ मार्च २०२४

भीमराज, जय भीम.

विचारलं. जसं झालं तसं लिहितो.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी ते दोनदा वाचलं अन् बिलकीसला हाक मारली. ती लसूण सोलत होती, तशीच आली. म्हणलं, "फीडर बसवलं त्याचं तुला वाईट वाटलं का?"

ती म्हणाली, "तुमाला काय वाटतं?"

"मला वाटलं, तुला वाटंल की तुला कामावरून काढलं."

लसणाची एक पाकळी सोलून झाली, मग ती म्हणाली, "लाकडात गाठ न्हवती."

मी म्हणलं, "माहीत आहे."

"कधीपासून?"

"फळी सुटली तेव्हाच. तुझी बोटं उघडलेली दिसली मला. तू सोडली न्हाईस, बोटं आपोआप उघडली."

"मग सगळ्यांना गाठ काहून सांगितली?"

"दवाखान्यात तू दोन दिवस जेवली न्हवतीस. खरं सांगितलं असतं तर तिसऱ्या दिवशी पण जेवली न्हसतीस."

मग तिनं खांद्याचं सांगितलं, हिंगोलीच्या डॉक्टरचं, अन् तुला पत्र लिहिल्याचं पण सांगितलं. तू इथं राहून एक शब्द बोलला न्हाईस. मी रागावणार होतो तुझ्यावर, पण तिनं मला विचारलं, "तुमी तरी काय बोललात?"

नांदेडला तिला घेऊन गेलो. ऑपरेशनची गरज न्हाई म्हणाले, पण ओढणं, उचलणं बंद. दोरी अन् भिंत यांचा व्यायाम दिला आहे. हात कानापर्यंत जायला लागलाय, हळूहळू पुरता वर जाईल म्हणतात.

पण कुरुंद्याचं काम होतं. मला वजन उचलायची मनाई, तिला ओढायची. अय्याज सकाळी येऊन फळ्या टेबलाजवळ लावून जायचा. पुढचं सगळं फीडरवर. मी म्हणलं, मी उभा राहतो. ती म्हणाली, "तुमी वाकलात की तोंड वेडंवाकडं होतं, सरका." अन् अलीकडच्या बाजूला, माझ्या जागेवर, ती उभी राहिली. डावा हात फळीवर, बस. चाकानं एकदा धरलं की सोडून द्यायची. मी पलीकडं स्टूल टाकून बसलो, बाहेर आलेल्या पट्टीचं टोक नुसतं टेकूच्या लाकडी घोडीवर टेकवायला.

पहिल्या पट्टीला रबराचे वळ उठले. माझ्या आधी तिनंच पाहिले, दाब कमी केला. दुसरी साफ आली. कोर तर अशी की बोट फिरवत राहावं. कुरुंद्याहून मालकाची आई गोजरबाई बघायला आल्या होत्या. मला विचारलं, "नासेरभाई, दाराला वरून कमान करता येईल का?" मी बिलकीसकडं हात दाखवला. त्यांनी तिलाच विचारलं. ती म्हणाली, "येईल. पण वाकडी फळी ह्या चाकातून जात न्हाई, ती हातानं करावी लागंल, वेळ लागंल." गोजरबाई म्हणाल्या, लागू द्या.

आता एक गोष्ट सांगतो, त्यासाठीच खरं तर हे पत्र लिहायला बसलो.

परवा काम चालू होतं. भुसा उडतो म्हणून ती तोंडाला रुमाल बांधते. मी स्टूलावरून बघत होतो. आधी माझी नजर फळीवर असायची, आता बघायला सवड आहे. तर मला दिसलं, रुमाल हलतोय. एकसारखा. मला वाटलं, दम लागला, की खोकला आला. मी उठलो अन् बटन बंद केलं. आवाज एकदम उतरला, अन् त्या शांततेत तिचा आवाज आला, अर्ध्या वाक्यातून, "...अन् उमैमाला मी तेच म्हणलं, की सासूला पहिलं विचार..."

मग तिच्या ध्यानात आलं मशीन बंद आहे. ती थांबली.

मी म्हणलं, "कुणाशी बोलून राहिली?"

"तुमच्याशी."

"मशीन चालू असताना? मला ऐकू कुठं येतं?"

"म्हणून तर बोलते."

"कधीपासून?"

"पहिलं मशीन आणलं तेव्हापासून. समोर माणूस उभं आहे, गप्प किती राहायचं? भाजीचं, उमैमाच्या शाळेचं, तुमच्या भावाचं. तुमच्यावर राग आला की तो पण तिथंच काढायची. तुमी मान हलवायचात. फळीसाठी हलवायचात, पण मला बरं वाटायचं."

तिनं भुसा झटकला अन् म्हणाली, "हात दुखतो हे बी मी तुमाला रोज सांगत व्हते."

भीमराज, पुढची फळी चाकाखाली लावलेली होती. ती तशीच ठेवली. स्टूल ओढून तिच्या बाजूला नेलं अन् म्हणलं, "आता सांग."

तिनं रुमाल खाली केला.

कुरुंद्याचा माल एक दिवस उशिरा गेला.

तुझा,
नासेर